बटाटा काळा का पडतो, आणि कोड म्हणजे कॅन्सर का? एका विकराची गोष्ट



आजच्या लेखात एक प्रयोग आहे. तिसरी ते पाचवीच्या कोणत्याही वर्गात तो एका तासात होतो. खर्च म्हणाल तर दोन बटाटे, एक वांगं आणि अर्धं लिंबू. प्रयोगानंतरचा भाग मात्र मुलांसाठी कमी आणि आपल्यासाठी जास्त आहे. तो मला का शिकावा लागला ते आधी सांगते, कारण त्यात माझी एक चूक आहे.

दुसऱ्या सत्रातली पालकसभा होती. एका वडिलांनी मोबाईल पुढे केला आणि त्यावरचा मेसेज सगळ्यांना वाचून दाखवला. अंगावरचे पांढरे डाग म्हणजे त्वचेच्या कॅन्सरची सुरुवात असते, सोबत बसणाऱ्यांनी जपावं, असं काहीतरी त्यात होतं. माझ्या वर्गात एका मुलीला कोड आहे. कोपरावर, गुडघ्यावर आणि ओठाच्या कडेला. तिची आई मागच्या रांगेत बसली होती. सगळ्यांना माहीत होतं मेसेज कोणाबद्दल वाचला जातोय. मी काय बोलले? "बघू, कोणाला तरी विचारते." एवढंच. दुसऱ्या दिवशी वाद नको म्हणून मी त्या मुलीला दुसऱ्या बाकावरून उठवून खिडकीजवळच्या रिकाम्या बाकावर बसवलं. "तिथे उजेड चांगला येतो" असं तिला सांगितलं. अकरा दिवस ती तिथे एकटी बसली. तिने एकदाही का म्हणून विचारलं नाही. न विचारण्याची तिला सवय होती, हे मला नंतर कळलं.

कोड संसर्गजन्य नाही हे मला माहीत होतं. पण कॅन्सर हा शब्द आला की आपली जीभ जड होते. माझं विज्ञान दहावीपर्यंतचं, पुढे डी.एड. शेवटी तालुक्याला एका त्वचारोगतज्ज्ञांकडे माझ्याच कामासाठी गेले होते तेव्हा विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, गोष्ट जवळजवळ उलटी आहे. टायरोसिनेज वाचा." कागदावर तेवढा एक शब्द लिहून दिला. त्या शब्दापासून मी वाचायला सुरुवात केली. आता प्रयोगाकडे येऊ.

एक बटाटा सोलून चार फोडी करा. एक फोड कोरड्या ताटलीत उघडी ठेवा. दुसरी पाण्यात पूर्ण बुडवा. तिसरीला सगळीकडून लिंबू चोळा. चौथी उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटं शिजवून गार करा आणि मग उघडी ठेवा. शेजारी वांग्याची एक फोड ठेवा, ती सगळ्यांत लवकर काळवंडते आणि मुलांना मजा येते. वांगं उकळू नका. मी पहिल्या वेळी उकळलं होतं. ते तसंही मळकट दिसतं, त्यामुळे मुलं गोंधळली. शिजवायला बटाटाच घ्या. विळी, सुरी आणि गॅसचं काम अर्थात आपणच करायचं. आमच्याकडे पोषण आहाराच्या ताईंनी फोडी करून दिल्या आणि वर म्हणाल्या, "यात काय प्रयोग, आम्ही रोज पाण्यातच चिरतो." तेच तर!

तासाभरात उघडी फोड तपकिरी होते. पाण्यातली पांढरी राहते, पण बाहेर काढून ठेवली की तीही रंगायला लागते. लिंबू लावलेली बराच वेळ तग धरते. शिजवलेली मात्र उघडी असूनही तशीच राहते. मुलांना इथे थांबवून विचारा, की पाण्याने काय अडवलं आणि शिजवण्याने काय मोडलं? माझ्या वर्गातल्या एकाने सांगितलं, "पाण्यात हवा जात नाही, आणि शिजवल्यावर ते मेलं." "ते" म्हणजे काय हे त्याला सांगता आलं नाही, पण बाकी उत्तर अगदी बरोबर होतं.

ते म्हणजे विकर. इंग्रजीतलं एन्झाइम. (फळ्यावर लिहिताना जपा. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी "विकार" लिहून घेतलं होतं. विकार म्हणजे आजार, विकर म्हणजे काम करणारं प्रथिन.) विकर हे कारागिरासारखं असतं. समोर ठरावीक कच्चा माल आला की त्याचं ठरावीक रूपांतर करतं आणि स्वतः न संपता पुढचा माल घेतं. बटाट्याच्या पेशीत हा कारागीर एका खोलीत आणि कच्चा माल दुसऱ्या खोलीत असतो. आपण सुरी फिरवली की भिंती फुटतात, दोघे भेटतात, वर हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि काळा-तपकिरी रंग तयार होतो. या विकराच्या पोटात तांब्याचे दोन अणू असतात, ऑक्सिजन धरायचं काम तेच करतात. आंबटपणात कारागिराचा हात मंदावतो. उष्णतेने त्याची घडीच मोडते आणि ती परत बसत नाही.

हे विकर आधी माणसात नाही, अळिंबीत सापडलं. काही रानटी अळिंब्या मोडल्या की आतून लालसर होतात आणि मग काळ्या पडतात. १८९५ मध्ये फ्रान्समधल्या बुर्केलो आणि बेरत्राँ या दोघांनी त्यामागचं विकर शोधलं. ते टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लावर काम करतं म्हणून त्याचं नाव टायरोसिनेज. टायरोसिन हा शब्द ग्रीक भाषेतल्या चीजच्या नावावरून आलाय, कारण ते आम्ल पहिल्यांदा चीजमधून मिळालं होतं. आपल्याला ते डाळ, दूध, अंडी अशा प्रथिनांच्या सगळ्या अन्नातून मिळतं.

आता बटाट्यावरून आपल्या हाताकडे या. आपल्या त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी रंगपेशी असतात, मेलॅनोसाइट. त्यांच्या आत टायरोसिनेज असतं. बटाट्यातल्या विकराचाच हा नातलग, याच्याही पोटात तांब्याचे दोन अणू. ते टायरोसिनपासून डोपा बनवतं, डोपापासून डोपाक्विनोन, आणि तिथून पुढे मेलॅनिन हा रंग तयार होतो. टायरोसिनेजचे दोन सख्खे भाऊ म्हणावेत अशी आणखी दोन प्रथिनं त्याच कारखान्यात असतात. एक मधल्या टप्प्यावर काम करतं, त्याच्या पोटात तांब्याऐवजी जस्त असतं. दुसरं बिघडलं तर काळा उंदीर तपकिरी होतो. या दुसऱ्या भावाकडे आपण थोड्या वेळाने परत येऊ.

एक रंगपेशी साधारण छत्तीस शेजारी पेशींना रंगाचे कण पुरवते. शेजारी पेशी ते कण आपल्या केंद्रकावर, म्हणजे जिथे डीएनए असतो त्या जागेवर, छत्रीसारखे धरतात. उन्हातले अतिनील किरण डीएनएला इजा करतात, त्यापासून ही छत्री वाचवते. काळ्या आणि गोऱ्या माणसात रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो कारखान्यात किती आणि कसला माल निघतो यात. हे वाक्य वर्गात जरूर सांगा. "सावळी" म्हणून चिडवल्या जाणाऱ्या मुली आपल्या प्रत्येक वर्गात असतात.

टायरोसिनेजच्या जनुकातच बिघाड असेल तर रंग जन्मापासूनच बनत नाही. वर्णहीनतेचा, म्हणजे अल्बिनिझमचा, एक प्रकार असा होतो. सयामी मांजरीत तर हे विकर अर्धवट बिघडलेलं असतं, म्हणजे शरीराच्या ऊबेत ते काम करत नाही, गारव्यात करतं. म्हणून तिचं अंग फिकट आणि कान, पंजे, शेपूट, नाक काळं. हे मुलांना सांगून पाहा, पुढचा अर्धा तास मांजरींवरच जातो.

१९१७ मध्ये स्वित्झर्लंडचे त्वचारोगतज्ज्ञ ब्रूनो ब्लॉख यांनी केलेला प्रयोग आपल्या बटाट्याच्या प्रयोगाचाच मोठा भाऊ म्हणायला हरकत नाही. त्यांनी त्वचेचे पातळ काप डोपाच्या द्रावणात ठेवले. सगळ्या पेशी जशाच्या तशा राहिल्या, फक्त रंगपेशी काळ्या झाल्या. म्हणजे ज्या पेशीत विकर काम करतंय ती पेशी आपली ओळख आपणच देते. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावर उभं आहे.

आता कॅन्सर. त्वचेच्या कॅन्सरचे प्रकार अनेक आहेत, त्यातला रंगपेशींचा कॅन्सर म्हणजे मेलॅनोमा. तो इतर प्रकारांपेक्षा कमी आढळतो, पण लवकर पसरतो म्हणून जास्त घातक. रंगपेशी बेलगाम वाढू लागली तरी आपला जुना धंदा सहसा सोडत नाही, तिच्यात टायरोसिनेज बहुतेक वेळा सापडतं. म्हणून मेलॅनोमाच्या गाठी बऱ्याचदा काळ्या असतात. कधी कधी गाठ गुलाबी, बिनरंगाचीही असते, तेव्हा तिच्यातलं टायरोसिनेज प्रयोगशाळेत तपासून ती रंगपेशींची आहे का हे ओळखायला मदत होते. १९९१ मध्ये तर रुग्णाच्या रक्तात टायरोसिनेजच्या जनुकाचा संदेश शोधून, रक्तात फिरणाऱ्या मेलॅनोमाच्या पेशी पकडण्याचा प्रयत्न झाला. रक्तात रंगपेशींचं एरवी काय काम? म्हणजे तो संदेश तिथे सापडला तर संशय घ्यायला जागा आहे, असा त्यामागचा विचार.

इथे आपल्यासारख्यांची गल्लत होते. गाठीत सापडलं म्हणजे त्यानेच गाठ केली, असं आपण धरून चालतो. पण टायरोसिनेज हे मेलॅनोमाचं कारण नाही, ती त्या पेशीची घराण्याची खूण आहे. चोराच्या अंगात शाळेचा गणवेश सापडला म्हणून चोरी गणवेशाने केली असं होत नाही. गणवेशावरून तो कुठला एवढं कळतं.

मग पेशी बेलगाम कशाने होते? बऱ्याच मेलॅनोमांत तेही एका विकरामुळेच होतं, पण वेगळ्या. त्याचं नाव बीरॅफ. "वाढ" हा निरोप पेशीत पुढे पोचवणं हे त्याचं काम. निरोप आला की चालू, नाही आला की बंद. २००२ मध्ये इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या संशोधनात दिसलं, की मेलॅनोमाच्या निम्म्याहून अधिक नमुन्यांत या विकराचं जनुक बदललेलं आहे. बदल बहुतेक वेळा एकाच अक्षराचा. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत सहाशेव्या जागी व्हॅलिनऐवजी ग्लुटामिक आम्ल बसतं आणि बटण चालू स्थितीतच अडकतं. निरोप नसतानाही "वाढ, वाढ" सुरू राहतं. हे अडकलेलं बटण दाबून धरणारं वेमुराफेनिब हे औषध अमेरिकेत २०११ मध्ये मंजूर झालं. म्हणजे एक विकर ओळख सांगतं आणि दुसरं गुन्हा करतं. दोन्ही "कॅन्सरमधली प्रथिनं" म्हणून एकाच यादीत लिहिली जातात, आणि मोबाईलवरच्या मेसेजात तर यादीही राहत नाही, नुसती भीती राहते.

आता कोडाशी याचा संबंध काय ते बघू. मला हा सगळ्यात विलक्षण भाग वाटला, म्हणून जरा सावकाश सांगते.

प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे करून बाहेरच्या पृष्ठभागावर मांडून ठेवते. गावात कोणाच्या घरी आज कोणती भाजी झाली ते दारातल्या देठांवरून कळतं ना, तसं. शरीरात गस्त घालणाऱ्या पांढऱ्या पेशी, टी पेशी म्हणतात त्यांना, हे देठ तपासत फिरतात. विषाणूचा तुकडा दिसला तर त्या घरावर हल्ला होतो. आपल्याच प्रथिनाचा तुकडा असेल तर सहसा सोडून देतात. पण न्यूयॉर्कच्या एका कॅन्सर संस्थेतल्या संशोधकांना १९८३ च्या सुमारास मेलॅनोमाच्या एका रुग्णाच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, ती त्याच्याच गाठीतल्या एका प्रथिनाला चिकटत होती. ते प्रथिन कोण? १९९० मध्ये उलगडा झाला, की ते मघाचा तो दुसरा भाऊच, उंदराला तपकिरी करणारा. पुढे १९९३ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी दाखवलं की काही रुग्णांच्या टी पेशी खुद्द टायरोसिनेजचे तुकडे ओळखून मेलॅनोमाच्या पेशी मारू शकतात. म्हणजे शरीर कॅन्सरला ज्या खुणेवरून पकडू पाहत होतं ती खूण कॅन्सरची नव्हतीच, रंग बनवणाऱ्या साध्या कारागिराची होती.

मग प्रश्न येतोच, की निरोगी रंगपेशीतही तोच कारागीर आहे, तिचं काय? तिच्यावरही हल्ला होतो. २०११ नंतर मेलॅनोमावर नव्या पद्धतीची औषधं आली. ती गाठीला थेट मारत नाहीत, टी पेशींवरचा लगाम सैल करतात. (या लगामाच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं.) ही औषधं घेणाऱ्या मेलॅनोमाच्या काही रुग्णांच्या अंगावर पांढरे डाग उमटू लागले. कोडासारखेच. आणि डॉक्टरांच्या लक्षात आलं की असे डाग आले तर ते अनेकदा चांगलं लक्षण असतं, टी पेशी रंगपेशींच्या मागे लागल्या आहेत, म्हणजे मेलॅनोमाच्याही लागल्या असण्याची शक्यता जास्त.

कोड हा मुख्यतः तसाच प्रकार आहे, फक्त तिथे कॅन्सर नसतो, औषधही नसतं. शरीराची गस्त आपल्याच रंगपेशींवर उलटते, रंगपेशी नाहीशा होतात आणि तेवढी जागा पांढरी पडते. २०१० मध्ये जनुकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात टायरोसिनेजच्या जनुकाचं जे रूप कोडाची शक्यता वाढवतं तेच मेलॅनोमाची शक्यता कमी करतं असं दिसलं. कोड असलेल्यांत मेलॅनोमा कमी आढळतो असंही काही अभ्यासांनी दाखवलंय. "गोष्ट जवळजवळ उलटी आहे" असं डॉक्टर म्हणाले ते हे.

त्या वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग कुष्ठ म्हणतात ते?" त्यांचीही पूर्ण चूक नाही. आपल्या भाषेनेच श्वेतकुष्ठ असा शब्द करून ठेवलाय. कुष्ठरोग जिवाणूमुळे होतो, कोडात जिवाणू नाही, विषाणू नाही, काहीच लागण्यासारखं नाही. एका बाकावर बसून, एका डब्यात जेवून, हात धरून ते पसरत नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा "नितळ" हा चित्रपट मिळाला तर पालकसभेनंतर जरूर दाखवा. कोड असलेल्या एका डॉक्टर मुलीची गोष्ट आहे आणि त्यात घरातली शिकलेली माणसं कशी वागतात ते बघण्यासारखं आहे. मी तो बघताना खिडकीजवळचा बाक आठवत होते.

टायरोसिनेजबद्दल वाचताना आणखी एक गोष्ट सापडली, ती घरोघरच्या आरशासमोरची आहे. टिकली. काही टिकल्यांच्या चिकट पदार्थात पूर्वीपासून एक रसायन वापरलं जातं, त्यामुळे कपाळावर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडतो. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी हे वारंवार नोंदवलंय. या जातीच्या रसायनांचा आकार टायरोसिनशी मिळताजुळता असतो. रंगपेशीला तो कच्चा माल वाटतो आणि त्यातून तिलाच इजा होते. १९३९ मध्ये अमेरिकेत चामड्याच्या कारखान्यातल्या कामगारांचे हात असेच पांढरे पडले होते, कारण रबरी हातमोज्यांतलं रसायन. रबरी चपलेच्या पट्ट्यांखाली पडणारे डागही याच कुळातले. आणि २०१३ मध्ये जपानमध्ये गोरेपणाची काही क्रीम बाजारातून परत घ्यावी लागली, हजारो बायकांच्या चेहऱ्यावर, मानेवर पांढरे चट्टे आले होते. त्यातलं रसायन टायरोसिनेजला अडवण्यासाठी घातलेलं होतं. विकराने काय केलं, त्यालाच कच्चा माल समजून उचललं आणि त्याचं विष बनवलं! बहुतेक गोरेपणाच्या क्रीमचं लक्ष्य हेच विकर असतं, हे आपल्या मुलींना माहीत असायला हवं. पाऱ्याची क्रीम तर विकराच्या पोटातलं तांबंच हटवतात, आणि पारा नुसता कातडीवर थांबत नाही, मूत्रपिंडापर्यंत पोचतो.

याच युक्तीचा उलटा उपयोग करून मेलॅनोमा मारता येईल का, असाही प्रयत्न प्रयोगशाळांत झालाय. निरुपद्रवी औषध द्यायचं, जे फक्त टायरोसिनेजच्या हातात पडल्यावर विष बनेल. कल्पना सुंदर आहे. रुग्णांच्या रोजच्या उपचारात मात्र ती आलेली नाही.

पालकांनी बघायचं काय? पांढऱ्या डागात नाही, काळ्या डागात बघा. एखादा तीळ किंवा काळा डाग नव्याने आला, वाढतोय, कडा वेड्यावाकड्या आहेत, एकाच डागात दोन-तीन रंग आहेत, खाजतोय किंवा त्यातून रक्त येतंय, तर डॉक्टरांना दाखवा. आपल्याकडे मेलॅनोमा एकूण कमी, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो. तिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो, आणि मघाशी सांगितलेला बीरॅफचा बदलही त्या प्रकारात कमी सापडतो. गायक बॉब मार्ली यांचा मेलॅनोमा पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झाला होता, १९८१ मध्ये ते छत्तिसाव्या वर्षी गेले. अनवाणी शेतात फिरणाऱ्या आजी-आजोबांच्या तळपायावरचा न बरा होणारा काळा डाग "काटा मोडला असेल" म्हणून सोडून देऊ नका. मुलांमध्ये हा आजार फारच विरळा आहे, त्यामुळे मुलांचे तीळ मोजत बसू नका.

कोड असलेल्या मुलांसाठी शाळेत करण्यासारखं काम साधं आहे. डागाच्या जागी छत्री नाही, त्यामुळे तिथे ऊन पटकन पोळतं. आमचा परिपाठ आता मैदानाऐवजी चिंचेखाली होतो. खेळाच्या तासाला पूर्ण बाह्यांचा सदरा चालतो. वर्णहीन मूल असेल तर टोपी आणि सावली आणखी कडक पाळा, त्यांना पुढच्या बाकावर बसवा, कारण त्यांची नजरही अधू असते.

पुढच्या पालकसभेत मी मेसेज वाचणाऱ्या वडिलांचं नाव न घेता हे सगळं सांगितलं, बटाट्याच्या फोडी टेबलावर ठेवून. त्या मुलीच्या आईची माफी मी सभेत मागितली नाही, धाडस झालं नाही. घरी जाऊन मागितली. त्यांनी चहा केला आणि म्हणाल्या, "तुम्ही विचारायला गेलात, आम्हाला तेवढं पण कोणी करत नाही." मला ते बरं वाटायला नको होतं, पण वाटलं.

मुलगी अकरा दिवसांनी दुसऱ्या बाकावर परत आली होती. प्रयोगाच्या दिवशी तिने काळी पडलेली वांग्याची फोड हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि हळूच माझ्याजवळ येऊन विचारलं, "बाई, हे माझ्या कोपराला चोळलं तर?"

मला हसू आलं नाही. प्रश्न बरोबर होता. विकर इथे आहे, रंग तिथे नाही, मग इथलं तिथे का नको? मी तिला सांगितलं, की विकराने पेशीच्या आत बसून काम केलं तरच रंग टिकतो, बाहेरून चोळलेलं धुऊन जातं, वर कातडी चिडते ते वेगळंच. तिच्या डागात विकर बिघडलेलं नाही, विकर ज्या घरात राहतं ते घरच नाही.

"मग घर परत होतं का?"

कधी कधी होतं, मी म्हटलं. केसांच्या मुळाशी काही रंगपेशींची बियाणी दडून असतात. उपचार लागू पडले तर तिथून त्या वर येतात, म्हणून डागात रंग परतताना आधी केसाभोवती बारीक तपकिरी ठिपके दिसतात. सगळ्यांना होतं असं नाही, आणि कोपरावर जरा अवघडच.

विज्ञान पेटीतलं भिंग घेऊन ती खिडकीजवळच्या त्याच बाकावर जाऊन बसली, उजेडासाठी. कोपर वाकवून एकेक केस बघत होती. थोड्या वेळाने तिची मैत्रीणही शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "मला दे ना, माझा पण बघायचाय."